बंद दाराचा मान

२८ ऑगस्ट, बुधवार

भाडेकरू आली. नाव अबेना. घानातल्या कुमासी शहरातून इथल्या विद्यापीठात जंगलांचा अभ्यास करायला आली आहे, दोन वर्षांसाठी. तिकडे जंगलं असताना इतक्या लांब फिनलंडात, योएन्सूला कशाला, असं मनात आलं. विचारलं नाही. ज्याचं त्याला माहीत.

बूट कुठे काढायचे, फ्रिजमधला तिचा कप्पा कुठला आणि किल्ली दोनदा कशी फिरवायची, एवढं दाखवलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. दमून आलेल्या माणसाला एकटं सोडावं, यापेक्षा मोठा पाहुणचार मला ठाऊक नाही. बऱ्याच वेळानं बोळातून जाताना पाहिलं, तर ती कोट अंगातच ठेवून पलंगाच्या कडेला बसलेली, दार सताड उघडं आणि नजर दाराकडे. दार लावायचं विसरली असेल म्हणून मी ते हळूच ओढून घेतलं.

सिर्क्काचा फोन आला. माझी ही धाकटी बहीण कुओपिओला राहते आणि दर बुधवारी तिला कशावर तरी मत द्यायचं असतं. म्हणाली, "ही नाताळपर्यंत टिकली तर नाताळचा सगळा स्वयंपाक मी करीन." गेल्या वर्षीच्या पोर्तुगीज मुलानं ऑक्टोबरातच गाशा गुंडाळला होता, त्यावरून हा टोमणा. तो जाताना म्हणाला होता, घर सुंदर आहे, फक्त इथे माझे कान वाजतात. मी पैज घेतली. सिर्क्काच्या हातचं भाजलेलं डुकराचं मांस कोरडं होतं, पण आयतं मिळालं तर चालेल.

३१ ऑगस्ट, शनिवार

ही मुलगी दार वाजवते.

पहिल्या सकाळी मला वाटलं आग लागली. गाऊनचा पट्टा बांधत धावले, तर ही हसत उभी. "मावशी, झोप लागली का?" मी म्हटलं, लागली. "आणि घरची मंडळी कशी आहेत?" घरची मंडळी म्हणजे मी एकटी. तेही सांगितलं. ती समाधानानं मान हलवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आणि आजही तेच. एका रात्रीत माझ्या मंडळींत भर पडेल अशी तिची समजूत असावी.

मावशी नको, राइली म्हण, असं सांगून पाहिलं. आमच्याकडे पंतप्रधानांनाही लोक नावानं हाक मारतात. तिची जीभ वळत नाही म्हणाली. वयानं मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारली तर तिची आजी कुमासीहून चालत येऊन कान उपटेल.

शेवटी आज कॉफीला बसवून नियम सांगितला. या घरात एकच नियम आहे. बंद दार वाजवायचं नाही. आग लागली किंवा नळ फुटला तरच वाजवायचं.

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"तर मी झोपेन."

"आणि मी आजारी पडले तर?"

"तर तू झोप."

तिनं हे फार गंभीरपणे ऐकून घेतलं. आमचं दोघींचं इंग्रजी दोन टोकांचं आहे, पण एवढं पोचलं. दातांच्या दवाखान्यात मी आयुष्य काढलं. तिथे दिवसभर माणसं तोंड उघडून बसायची आणि एक शब्द बोलायची नाहीत. मला ते काम आवडायचं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आमच्या सोसायटीच्या तळघरात सॉना आहे, गरम वाफेची खोली, आणि शुक्रवारी सहा ते सात ही तिथली आमची वेळ. माझा नवरा ताउनो असल्यापासूनची. तो गेल्यावर चार वर्षं मी एकटीच जाते, पण वेळ सोडलेली नाही. सोडली तर दुसऱ्या मजल्यावरचे लगेच टपलेले आहेत.

अबेनाला विचारलं, येतेस का. वाटलं होतं कपडे काढायला लाजेल. लाजली वगैरे नाही. म्हणाली, घरी आम्ही उन्हापासून पळतो आणि तुम्ही त्याला खोलीत कोंडून ठेवलंय. वरच्या बाकावर माझ्याइतकीच टिकली. मी तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं तशी डोळे मिटून कसलंसं गाणं गुणगुणायला लागली. सॉनात गात नाहीत. पण ते वाफेत विरून जात होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

तिला आजीनंच वाढवलं. आईवडील कामासाठी लांब. आजीला ती नाना म्हणते. नानाचं बाजारात कापडाचं दुकान आहे आणि सगळ्या आळीची भांडणं तिच्या ओट्यावर सुटतात. तिच्या घरी कोणीही आलं तरी आधी खुर्ची द्यायची, मग प्यायला पाणी द्यायचं. पाणी पिऊन होईपर्यंत काही बोलायचं नाही. मग घरच्यानं म्हणायचं, "इकडे सगळं निवांत आहे. वाट चालून तुम्ही आलात. काय काम काढलंत?" आणि पाहुण्यानं येण्याचं कारण सांगायचं. रोजचा शेजारी आला तरी असंच.

मी म्हटलं, तोंडावर विचारायचं, का आलात म्हणून?

"न विचारता कसं चालेल, मावशी? मग त्यानं ते कुठे ठेवायचं?"

सॉनात माझी जीभ जरा सैल सुटते, एरवी इतकं बोलत नाही. वर आल्यावर दोघी गार ताक प्यायलो. तिला ते आवडलं नाही, पण ग्लास संपवला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

वेइक्को जिन्यात भेटला. आमच्या डोक्यावरच्या घरात राहतो, रेल्वेतून निवृत्त झालेला. तेवीस वर्षांत आम्ही जेवढं बोललो नसू तेवढं आज बोललो, आणि तेही अबेनाबद्दल. तिला फिनिश भाषेच्या वर्गात एक वाक्य शिकवलं आहे, "बायको कशी आहे?" ते ती लिफ्टमध्ये त्याला रोज विचारते.

"पहिल्या दिवशी मी नुसतंच हं म्हटलं," वेइक्को म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मला घरी जाऊन बघावं लागलं."

आता तो जिना चढतो. गुडघा दुखतो म्हणाला. त्याच्या बायकोला, आउनेला, मी वसंत ऋतूपासून पाहिलेलं नाही. ती हल्ली बाहेर पडत नसावी. विचारलेलं नाही.

बसमध्येही हिचं तेच. सगळी बस रिकामी असताना एका बाईच्या शेजारी जाऊन बसली. ती बाई पुढच्याच थांब्यावर उतरली आणि मागच्या बसची वाट बघत उभी राहिली. हे अबेनानंच मला सांगितलं आणि विचारलं, माझ्या अंगाला वास येतो का. मी समजावलं की एकाआड एक बाक सोडून बसायचं असतं. माणसाभोवती जागा सोडली की त्याला बरं वाटतं. "कोणाला?" असं तिनं विचारलं. सगळ्यांना, म्हटलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला सवड झाली नाही, म्हणजे लिहिण्यासारखं काही झालं नाही. जे झालं ते चांगलंच.

मुलगी रुळली. दार वाजवणं बंद झालं आहे. सकाळी बोळात मी असले तर ती बाहेर येत नाही. तिच्या दारामागची जमिनीतली लाकडी पट्टी करकरते, त्यावरून कळतं की ती बूटबीट घालून तयार उभी आहे आणि मी जाण्याची वाट बघते आहे. मीसुद्धा आयुष्यभर असंच करत आले आहे. परक्या मुलीनं आपली रीत इतकी बारकाईनं उचललेली पाहून मला बरं वाटलं. बसमध्ये एकाआड एक बसते. राय धान्याचा काळा पाव खाते. परीक्षेतही चांगले गुण पडले, असं ओझरतं म्हणाली. फुशारकी मारली नाही, हेही आमच्यासारखंच.

आज पहिल्यांदा मला "राइली" म्हणाली. अडखळली नाही. इतके दिवस मीच सांगत होते, तेव्हा ऐकून चांगलं वाटायला हवं होतं. वाटलंच असेल.

सिर्क्काला सांगितलं की मांसाची ऑर्डर देऊन ठेव. ती म्हणाली, अजून हिवाळ्याचा अंधार पडायचा आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी अबेना कॉफी पीत असताना तिला फोन आला. उभी राहून बोलत होती, मग खुर्चीवर बसली, मग नुसतीच ऐकत राहिली. फोन बंद झाल्यावरही तो कानालाच होता. त्यानंतर तिनं कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कडीचा आवाजसुद्धा केला नाही.

मी रेडिओ बारीक केला. घरचं काही असेल. विचारणं बरं दिसलं नसतं.

सॉनाला आली नाही. मी सहाला खाली गेले आणि सातला वर आले.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज सर्व संतांचा दिवस. अंधारायच्या सुमाराला दफनभूमीत गेले. सगळं गाव येतं, प्रत्येकजण आपापल्या थडग्याजवळ दिवा लावून उभा राहतो, कोणी कोणाशी बोलत नाही. बर्फ अजून नाही, चिखल आहे. ताउनोच्या दगडावरची पानं झाडली आणि दिवा लावला.

तो गेला तेव्हाची एक गोष्ट आठवली. इस्पितळातून त्याचे कपडे पिशवीत घेऊन मी जिना चढत होते. वरून वेइक्को उतरत होता. मला पाहिलं आणि पाय न वाजवता परत वर गेला, मला बोलावं लागू नये म्हणून. त्या आठवड्यात दाराची घंटा एकदाही वाजली नाही. शेजार असावा तर असा. हे मी तेव्हाही सिर्क्काला सांगितलं होतं.

थडग्यावर लावायचे दिवे दोनाच्या जोडीत मिळतात. दुसरा मी टेबलावर ठेवून गेले होते. परत येताना अंगणातून वर पाहिलं, तर तो अबेनाच्या खिडकीत जळत होता. हे दिवे घरात लावायचे नसतात, काजळी धरते. तिला सांगायला हवं. पण दार बंद होतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

धुण्याच्या खोलीत दोरीवर एक मोठं कापड वाळत होतं, काळं आणि तांबडं. अबेनाचं. तांबडा रंग पक्का नसेल तर माझ्या चादरींवर उतरेल, म्हणून मी चादरी दुसऱ्या टोकाला टाकल्या. संध्याकाळी पाहिलं तर ते कापड तिनं अंगाला गुंडाळलं होतं आणि तशीच स्वयंपाकघरात उभी राहून पाव खात होती. घरात ऊब पुरेशी आहे का, एवढं मी विचारलं. आहे म्हणाली.

सिर्क्काला म्हटलं, घर इतकं शांत आहे की भाडेकरू आहे असं वाटतच नाही. ती म्हणाली, तू त्या पोर्तुगीज मुलाच्या वेळीही अगदी हेच म्हणाली होतीस.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सॉनाला आजही मी एकटीच. दगड चांगले तापले होते. वरच्या बाकावर हवा तेवढा वेळ बसता आलं. नंतर लक्षात आलं की मी ते गाणं गुणगुणत होते, अबेनाचं. चाल मला नीट येतही नाही.

वर येताना लिफ्टशी वेइक्को भेटला. पुन्हा लिफ्टनं जायला लागला आहे. बटणाकडे बघतच म्हणाला, "तुमची मुलगी हल्ली काही विचारत नाही."

मी म्हटलं, रुळली ती.

"हं," तो म्हणाला. तक्रार केल्यासारखं म्हणाला. या माणसाचं मला काही कळत नाही. विचारलं तरी पंचाईत, नाही विचारलं तरी पंचाईत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

अबेना आज स्वयंपाकघरात आली, मी कॉफी ओतून होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "राइली, या महिन्याच्या शेवटी मी खोली सोडते. शिक्षणही सोडते. घरी जाणार. तुमचं घर फार शांत होतं, आभारी आहे."

मी "बरं" म्हटलं.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग खोलीत गेली. आमच्यात असंच म्हणतात, माणसाचा निर्णय म्हणजे माणसाचा निर्णय. तरी दिवसभर ते "बरं" माझ्या दातात अडकल्यासारखं राहिलं आहे. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सिर्क्काला सांगितलं की पैज तू जिंकलीस. मला वाटलं, ती खूश होईल. तिनं विचारलं, का चालली आहे? मी म्हटलं, विचारलं नाही.

मग तिनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं. फोन, कप, खिडकीतला दिवा, काळं-तांबडं कापड, सॉना. मी सांगत गेले तसं माझं मलाच ते वेगळं ऐकू यायला लागलं.

"राइली, त्या मुलीच्या घरचं कोणीतरी गेलंय. तुझ्या दवाखान्यातल्या भूल दिलेल्या पेशंटलासुद्धा हे कळलं असतं."

मी म्हटलं, तिनं सांगितलं असतं की.

"कोणाला? दाराला?"

मी म्हटलं, माणसाला दुःखात एकटं सोडावं, ही आपली रीत आहे. आपण तिचा मान राखला. त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "ताउनो गेला तेव्हा मी आठवडाभर आले नाही. तुला एकटं राहायचं असेल, असं मला वाटलं. तुला राहायचं होतं का?"

मी म्हटलं, कॉफी उतू जाते आहे, आणि फोन ठेवला.

कॉफी ठेवलेलीच नव्हती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

वेलदोड्याचे पाव भाजले. खूप झाले. दोनदा बोळात गेले आणि दोनदा परत आले. दुसऱ्या खेपेला पाव ओव्हनमध्ये राहिले आणि खालून करपले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

हे नीट लिहायला हवं.

दुपारी चारला दिवे लागले होते. मी तिच्या दाराशी जाऊन उभी राहिले. स्वतःच्या घरातलं दार मी जन्मात कधी वाजवलेलं नाही. मूठ कशी धरायची इथून प्रश्न. इतक्यात आत लाकडी पट्टी करकरली. ती दारामागे उभी होती, बाहेर यायला निघालेली, आणि मी बोळात आहे हे कळल्यामुळे थांबलेली. मी जावं म्हणून ती थांबली होती आणि मी तिथेच उभी होते. हेच मी तिला शिकवलं होतं. मला फार लाज वाटली.

मी दार वाजवलं. लगेच उघडलं.

"आग लागली का?" तिनं विचारलं.

"नाही."

"नळ फुटला?"

"नाही."

ती त्या काळ्या-तांबड्या कापडात होती. चेहरा इतका उतरलेला की मी पंधरा दिवस एकाच टेबलावर बसून काय बघत होते कोण जाणे. मग तिनं खुर्चीवरची पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवली आणि मला बसायची खूण केली. माझ्या घरात मला. मी बसले. ती स्वयंपाकघरात गेली आणि ग्लासभर पाणी घेऊन आली. दोन्ही हातांनी दिलं. मी पिईपर्यंत समोर उभी राहिली, काही बोलली नाही. तहान नव्हती, पण सगळं प्यायले.

तिनं ग्लास घेतला आणि समोर पलंगावर बसली. एकही शब्द तिनं गाळला नाही.

"इकडे सगळं निवांत आहे. वाट चालून तुम्ही आलात. काय काम काढलंत, मावशी?"

वाट म्हणजे आमचा बोळ, दोन ढांगांचा.

मी म्हटलं, "माझा नवरा गेला तेव्हा माझ्या दाराशी कोणी आलं नाही. मला ते आवडलं, असं मी सगळ्यांना सांगते. मला ते आवडलं नव्हतं. मी रोज घंटेची वाट बघायचे. म्हणून आले."

आणि मग विचारलं, "कोण गेलं?"

"नाना," ती म्हणाली.

त्यानंतर ती रडली. आमच्याकडे रडतात तसं नाही. मोठ्यानं, नाव घेऊन, हाका मारून, बरोबर काहीतरी सांगत सांगत. पंधरा दिवस ती उशीत तोंड खुपसून रडत होती, मला त्रास होऊ नये म्हणून. काय करायचं मला कळेना. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिचा हात धरला. बाहेर आवाज जाईल असं एकदा मनात आलं. जाऊ दे म्हटलं. थोड्या वेळानं माझेही डोळे गळायला लागले, आणि ते नानासाठी होते असं म्हणता येणार नाही.

दाराची घंटा वाजली. वेइक्को, हातात टोपी. मला वाटलं, आवाजाची तक्रार घेऊन आला, आणि त्याला काय ऐकवायचं ते मी मनात जुळवायला लागले. तेवढ्यात अबेना तोंड पुसत माझ्या मागून आली. तिनं त्याला आत घेतलं, स्वयंपाकघरातली खुर्ची दिली आणि पाणी दिलं. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, पी, प्यावंच लागतं. तो प्यायला. मग तिनं मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये विचारलं, काय काम काढलंत.

वेइक्कोनं टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बायको बरी नाही," तो म्हणाला. "वसंतापासून मला ओळखत नाही. तुम्ही रोज विचारायचात. मी नुसतंच हं म्हणायचो. वरून रडणं ऐकलं, म्हटलं जावं. आणि उत्तर द्यायचं राहिलंय, तेही द्यावं."

करपलेले पाव मी खालून कापून वाढले. कोणी काही म्हणालं नाही, तिघांनीही खाल्ले. जाताना वेइक्को दारात थांबून म्हणाला, आउनेला गाणं ऐकलं की बरं वाटतं, मुलगी सॉनात गाते ते पाइपांतून वर ऐकू यायचं. एवढं बोलून तो जिन्यानं गेला.

सॉनाची आमची वेळ टळून गेली. ताउनो गेल्यानंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी टिपून ठेवलं असेल. ठेवू देत.

नानाचे अंत्यविधी जानेवारीत आहेत. तिकडे सगळे नातेवाईक जमेपर्यंत थांबतात, आणि दुखवट्यात काळं-तांबडं नेसतात. अबेना म्हणाली, ती निघाली होती ती अंत्यविधीसाठी नव्हे. नाना गेल्याचं इथे कोणालाच ठाऊक नाही, या गोष्टीपासून ती पळत होती. आता काय करायचं ते तिनं सांगितलं नाही. मला विचारावंसं वाटलं. पण एका दिवसात एवढं पुरे, असं ठरवलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बॅग परत पलंगाखाली गेली. जानेवारीत ती अंत्यविधींना जाऊन येणार आहे. हे मी विचारलं आणि तिनं सांगितलं, पण ते नंतर. आधी सकाळचं.

मी अंथरुणातच होते. दारावर टकटक झाली. आग नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी पट्टा न बांधताच दार उघडलं.

"मावशी, झोप लागली का?"

मी म्हटलं, नाही लागली.

ती आत आली, माझ्या पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मग सांगा."